सहा पूर्णांक सात दशांश माणसं

परवा रात्री साडेअकराला भूक लागली. चोरून खायचं म्हणून दिवासुद्धा लावला नाही. मोबाइलच्या उजेडात चिवड्याचं पाकीट काढलं. कोपऱ्यावर तुटक रेघ, शेजारी सूचना : 'येथून फाडा'. फाडलं. फाटेना. दातात धरून ओढलं, तेव्हा भलत्याच बाजूने ते तळापर्यंत उसवलं आणि डाळं-शेंगदाणे ओट्याखाली धावले. तुटक रेघ तेवढी शाबूत.

आवाजाने आई उठली. दिवा लावून म्हणाली, "तारीख तरी बघितलीस का?"

पाकिटाच्या मागे लिहिलं होतं, 'तारखेसाठी कड पाहा'. कडेवर होतं, 'तळ पाहा'. म्हणजे या खिडकीवरून त्या खिडकीवर. सरकारी कचेरीत निदान शेवटी 'साहेब जेवायला गेलेत' असं कुणीतरी सांगतं. तळाला प्लॅस्टिकच्या चुण्यांत ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी उमटलं होतं. चष्मा वर केला, खाली केला. महिना एकदा 3 वाटला, एकदा 8. आणि वर्ष? नेमकं वर्षावरूनच मी पाकीट फाडलं होतं.

तोवर आई मोठ्याने वाचू लागली होती. "एक सर्व्हिंग 30 ग्रॅम. या पाकिटात अंदाजे 6.7 सर्व्हिंग." मग बोटांवर मोजलं. "आपण चौघं, कामाच्या मावशी पाच, इस्त्रीवाला सहा. हे पॉइंट सात कोण?" आणि माझ्याकडे बघून, "बरोबर आहे. रात्री अंधारात चोरून खाणाऱ्याला अख्खा माणूस कसं म्हणतील?"

तेव्हापासून तिला लेबलं वाचायचा नाद लागलाय. शेंगदाण्याच्या तेलावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' दिसलं. वनस्पतीच्या तेलात ते मुळात नसतंच, म्हणजे वरणभातावर 'काटे काढलेले आहेत' अशी चिठ्ठी लावण्यातला प्रकार. आइस्क्रीम समजून आणलेल्या डब्यावर बारीक अक्षरात 'फ्रोझन डेझर्ट' निघालं. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. सरबताच्या बाटलीवर 'नेचर आयडेंटिकल' स्वाद होता. हे मला समजावून सांगावं लागलं : कारखान्यात तयार होतो, पण रेणू निसर्गातल्यासारखाच. "म्हणजे पत्रिकेत छत्तीस गुण जुळतात, पण मुलगा तो नव्हे," आई म्हणाली.

2024 च्या जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेल्या रसांवरचा '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला सांगितला होता. कारण त्यात मुख्यतः पाणीच असतं. ते ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या वेळच्या गवळ्याकडे कुणी बघितलं नाही."

पाकिटावरचा हिरवा गोल आणि तपकिरी त्रिकोण एवढंच तिला एका नजरेत कळतं. त्यावर कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून असेल.

एवढी तयारी झाल्यावर, लेकीच्या पहिल्या पगाराची पार्टी म्हणून आम्ही एका झकपक हॉटेलात गेलो. उजेड जेमतेम, मेनूकार्ड मात्र जमिनीच्या दस्तऐवजाएवढं जाड. आईने लेकीच्या मोबाइलचा टॉर्च लावला.

"फायर-रोस्टेड ऑबर्जिन मॅश, ग्रामीण आठवणींसह. 445 रुपये." वेटरला तिने आस्थेने विचारलं, "बाळा, आठवणी कुणाच्या?"

"मॅडम, ती शेफची कन्सेप्ट आहे."

"आणि हे हँड-पॅटेड मिलेट ब्रेड?"

"हाताने थापलेली असते, मॅडम."

"मग बाकीचे काय पायाने थापतात?"

लेकीने टेबलाखालून मला लाथ मारली, जशी काही माझीच चूक. मी घाईघाईने तेच दोन्ही मागवले. वेटरने टॅबवर बराच वेळ काहीतरी टिपलं, किंचित झुकून 'एक्सलंट चॉइस' म्हणाला. मग चार पावलं जाऊन, स्वयंपाकघराचं दार पायाने ढकलत आत ओरडला,

"सात नंबरला एक भरीत-भाकरी! कांदा फोडून दे रे!"