नोकरी, संसार आणि भावकीची वंशावळ

वंशावळ लावायची इच्छा आहे पण नोकरीतून वेळ मिळत नाही, असं म्हणणारे बहुतेक जण काम उलट्या टोकाकडून सुरू करतात. रजा टाकून तहसीलच्या अभिलेख कक्षात जातात, दिवसभर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडत बसतात आणि आपल्या मराठवाड्यातलं निजामकाळचं उर्दूतलं पान समोर आलं की हात टेकतात. संध्याकाळी रजाही गेलेली असते आणि घरचे नाराजही झालेले असतात. इकडे गावात ओट्यावर बसलेल्या नव्वदीतल्या आत्याला चार पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ असते, पण तिला विचारायला कुणी जात नाही. रुमालातला कागद सत्तर वर्षं तिथंच पडलाय, आणखी पाच वर्षं पडून राहील. आत्याचं तसं नाही. म्हणून ज्याच्याकडे वेळ कमी, त्याने आधी माणसं गाठावीत, मग घरातले कागद, आणि सरकारी दप्तर सगळ्यात शेवटी. माझं हे मत ठाम आहे.

वेळेचा हिशोब आधी करा. आठवड्यातून एक बैठक, पाऊण तासाची, आणि एक फोन. एवढं पुरतं. दप्तरात जायला मात्र पूर्ण दिवस लागतो, आणि राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्यामुळे शनिवारही हाताशी नाही. म्हणजे प्रत्येक फेरीला एक रजा. वर्षाला तीन, फार तर चार रजा यात घाला, जास्त नको. लेकरांचं आजारपण, पेरणी, सोयऱ्यांची लग्नं यालाही रजा लागतातच.

मार्च एंड, ऑडिट, शाळांचे प्रवेश आले की हे काम दोन-दोन महिने बंद पडणार, हे धरूनच चाला. बंद पडल्याने नुकसान होत नाही. पुन्हा सुरू करताना कुठं होतो हे आठवत नाही, त्याने होतं. त्यासाठी दोनशे पानी वही ठेवा आणि प्रत्येक बैठकीनंतर चार ओळी लिहा: तारीख, काय बघितलं किंवा कुणाशी बोललो, काय सापडलं, पुढचा प्रश्न कोणता. 'सापडलं नाही' हेही लिहायचं. सापडलेल्याचा फोटो असतो. न सापडल्याची नोंद नसेल तर दोन वर्षांनी तेच रजिस्टर पुन्हा चाळलं जातं आणि एक रजा वाया जाते.

आता माणसं. म्हाताऱ्या माणसाला 'तुमचा जन्म कोणत्या साली?' असं विचारलं तर 'काय की बाबा' एवढंच उत्तर येतं. साल विचारूच नका, प्रसंग विचारा. रझाकाराच्या पळापळीत तुम्ही कडेवर होता का चालत होता? कडेवर असतील तर जन्म १९४६-४७ च्या आसपासचा, चालत असतील तर त्याआधीचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला घरातून कोण कोण जायचं? सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेलं खाणं, खायच्या वयाची लेकरं कोणती होती? 'मानमोडीत गेले' असं आज्याबद्दल कुणी सांगितलं तर तो मृत्यू १९१८ च्या फ्लूच्या साथीतला. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ही तर पक्की खूण आहे. भूकंपाआधी का नंतर, एवढ्या प्रश्नावर लग्नं, जन्म, वाटण्या सगळ्या रांगेत लागतात.

म्हाताऱ्या माणसाशी बोलणं मात्र एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांचंच ठेवा. सकाळच्या चहानंतर माणूस ताजा असतो, जेवणानंतर नाही. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. जुना फोटो हातात द्या आणि गप्प बसा. दोन म्हाताऱ्या शेजारी बसवल्या तर एक चुकली की दुसरी सांगते, 'अगं ती त्याची नाही, थोरल्या घरची.' ही दुरुस्ती कुठल्याही दप्तरात मिळत नाही. बायकांची माहेरं याच बैठकीत विचारून घ्या, कारण कागदावर बाई सासरच्या नावानेच येते आणि पुष्कळदा लग्नात नावही बदललेलं असतं. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणायला लावा. ओवीत माहेरचं गाव आणि भावाचं नाव येतं.

एक अडचण जवळपास प्रत्येक गावात येते. शहरात नोकरी करणारा पुतण्या अचानक आज्या-पणज्याची चौकशी करायला लागला की भावकीला वाटतं, हिस्सा मागायला आला. म्हणून पहिल्या भेटीत जमिनीचा विषय काढायचा नाही, सातबारा मागायचा नाही. नावं आणि नाती एवढंच. पुढच्या भेटीत तोवरचा तक्ता कागदावर काढून न्या आणि त्यांच्यापुढे ठेवा. त्यांचं नाव, त्यांच्या लेकरांची नावं बरोबर दिसली की शंका कमी होते.

घरातले कागद सुट्टीच्या दिवशी लेकरांना घेऊन बघता येतात, आणि संसार सांभाळून होणारा हाच भाग सगळ्यात मोठा आहे. आज्जीच्या ट्रंकेतल्या जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, खरेदीखत, तगाईच्या (सरकारी शेतकर्जाच्या) पावत्या, शाळेचे दाखले, फोटोंच्या मागची अक्षरं. आहेराची वही मिळाली तर सोनं मिळालं समजा. त्यात एका दिवशी एका मांडवात आलेल्या सगळ्या सोयऱ्यांची नावं गावांसकट असतात. पितळी-तांब्याच्या भांड्यांवर घातलेली नावं बघा. कुणाकडून, कुणाला, कधी, हे तिथं टोचलेलं असतं. घासून पुसट झालं असेल तर पातळ कागद ठेवून वरून आडवी पेन्सिल फिरवायची. दहा वर्षांचं लेकरू हे काम आनंदाने करतं. एक मात्र सांगतो: फक्त नवऱ्याच्या घराण्याची वंशावळ लावत बसलात तर घरातली दुसरी बाजू यात मनापासून उतरणार नाही. दोन्ही घराणी एकाच वेळी घ्या. एका रविवारी हे, दुसऱ्या रविवारी ते.

प्रत्येक माणसाला आकडा द्या. मूळ पुरुष १, त्याचा तिसरा मुलगा १.३, त्याची थोरली मुलगी १.३.१. आज्याचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत आहे, त्यामुळे एकाच घरात तीन गोविंद आणि दोन मारोती निघतात. आकडा नसेल तर पणतूची जमीन पणज्याच्या नावावर चढते. आकड्यासमोर ही माहिती कुणी दिली किंवा कुठल्या कागदावरून घेतली, तेही लिहायचं.

आता दप्तर. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाने सांगितलेली वाट इथं जशीच्या तशी चालत नाही. आधी आपलं गाव तेव्हा कुठल्या जिल्ह्यात होतं ते काढा. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादमध्ये. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. परतूरचा जुना कागद परभणीच्या नावाखाली निघतो, तो यामुळेच. गाव जहागिरीचं असेल तर दप्तर जहागीरदाराकडे असायचं. जहागिऱ्या १९४९ मध्ये खालसा झाल्या, त्याआधीच्या सलग नोंदी अशा गावांत मिळतीलच असं नाही. जायकवाडीच्या पाण्यात गेलेल्या गावांचे लोक पुनर्वसनाच्या ठिकाणी सापडतात, पण जुन्या नोंदी जुन्याच गावाच्या नावाने शोधायच्या.

मागे जाताना कागदांचा क्रम असा ठेवा. आजच्या सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घ्या आणि तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, काढा. त्यात आधीचा फेरफार सापडतो. वारसाचा फेरफार असेल तर ६-क चं वारस रजिस्टर बघाच, कारण त्यात मयताची तारीख, वारसांची नावं, वयं आणि नातं लिहिलेलं असतं. मुलींची नावं इथंच भेटतात. पुढे त्यांनी हक्कसोड केलं की त्या सातबाऱ्यावरून जातात, पण दुय्यम निबंधकाकडच्या हक्कसोडपत्रात त्यांचं सासरचं नाव आणि गाव राहतं. पणजीच्या बहिणी शोधणाऱ्यांनी हा कागद विसरू नये.

त्याच्या मागे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे शेतवार जमिनीची नोंद, आणि १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर. इथं एक खोडा येतो. आज आपल्याकडे गट नंबर असतो आणि जुन्या कागदावर सर्व्हे नंबर. दोन्हींची सांगड तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून लागते. तो उतारा हातात नसताना खासरा शोधायला जाऊ नका. इनामाची जमीन असेल तर मुंतखब, म्हणजे इनाम आणि त्याचा वारसा मंजूर केल्याचा निजामकाळचा कागद, शोधा. वारसा मंजूर करताना पिढ्यांची साखळी तपासली जायची, त्यामुळे कधी कधी एकाच कागदात तीन-चार पिढ्या मिळतात.

कागदावरची भाषा आधी शिकून घ्या. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा. मराठी नोंदीतलं 'भ्र.' म्हणजे भ्रतार, पुढचं नाव नवऱ्याचं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस तेव्हा लहान होता. एवढ्यावरून त्याच्या जन्माचा अंदाज बांधता येतो. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. तिथं एकाचंच नाव असलं तरी भाऊ नव्हते असं समजू नका. जुन्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसतंच, म्हणून नाव, बापाचं नाव आणि शेत या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय माणूस आपला म्हणायचा नाही.

सालाचा घोळ फसलीने, म्हणजे जुन्या महसुली सालाने होतो. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू व्हायचं. फसलीत ५९० मिळवा, आणि महिना जानेवारी किंवा त्यापुढचा असेल तर ५९१. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. शकात ७८, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९. तक्त्यात मूळ साल आणि इसवी सन दोन्ही लिहा, नुसतं बदललेलं नको.

शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमधली जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी धरू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाच्या अंदाजाने लिहिलेली ती तारीख असते. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस त्या दिवशी येतो.

वाचणाऱ्याची सोयही आधीच लावावी लागते. मोडी मेहनतीने काही महिन्यांत शिकता येते. उर्दूचं तसं नाही. छापील उर्दू वाचणाऱ्यालाही पटवाऱ्याची घसटलेली शिकस्ता लिपी लागेलच असं नाही. एकेक पान घेऊन माणसाला त्रास देऊ नका. दहा-पंधरा पानं साठवा, सरळ उजेडात चारही कोपरे दिसतील असे फोटो काढा आणि एका बैठकीत वाचून घ्या, योग्य ते मानधन देऊन.

रजेच्या दिवशी हातात गावाचं नाव, सर्व्हे नंबर, नमुना, वर्ष आणि आधीच भरलेला नकलेचा अर्ज हवा. आदल्या दिवशी फोन करून अभिलेखपाल जागेवर आहेत का विचारा. सकाळी कार्यालय उघडताना पोचा, कारण दुपारनंतर रुमाल निघत नाहीत. एका दिवसात एकच प्रश्न सोडवायचा. कागद नेमका ठाऊक असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पोस्टाने टाका. मुदत तीस दिवसांची असते आणि रजा वाचते.

त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या देवदर्शनाला गेल्यावर घरच्यांसोबतच बघून होतात. जाण्याआधी मूळ गाव, आडनाव आणि निदान आज्याचं नाव पाठ ठेवा. तिथल्या वह्या गाव आणि आडनावावरूनच निघतात. गावात भाट किंवा हेळवी, म्हणजे वंशावळ सांगत फिरणारे, येत असतील तर त्यांचंही ऐका. मात्र त्यांच्या सगळ्यात वरच्या पिढ्या, जिथं घराणं एखाद्या राजवंशाला जाऊन मिळतं, त्या वेगळ्या पानावर लिहा. कागदाचा आधार मिळेपर्यंत त्या मुख्य तक्त्यात घ्यायच्या नाहीत.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जातपडताळणीसाठी वंशावळ मागायला भावकीतले लोक घरी यायला लागले. त्यांना जरूर मदत करा. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांच्या आधीचा कागद पडताळणीत मोलाचा असतो, तो कुठं आहे ते सांगा. पण ज्याचं नातं कागदाने आणि माणसांनी सिद्ध होत नाही, त्याला 'एक फांदी जोडून द्या' म्हटल्यावर स्पष्ट नाही म्हणा, तो कितीही जवळचा असला तरी. शपथपत्रावरची खोटी वंशावळ हा गुन्हा आहे, आणि तुमच्या तक्त्यावरचा विश्वास त्या दिवशी संपतो.

हयात माणसांच्या जन्मतारखा, दत्तकाच्या गोष्टी, मोडलेली लग्नं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. त्या तुमच्या वहीत राहू द्या.

आणि पित्रांच्या आधी, म्हणजे भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात, तोवर झालेला तक्ता मोठ्या अक्षरात छापून गावाकडे न्या. पित्रांच्या निमित्ताने बाप, आजा, पणजा ही नावं घरात निघतातच, आणि कुणाचं पित्र कोणत्या तिथीला असतं यावरून मृत्यूची तिथीही कळते. ती ६-क मधल्या तारखेशी ताडून बघा. छापताना जिथं नाव माहीत नाही तिथं कोरा चौकोन सोडा आणि तक्त्यासोबत पेन ठेवा. जेवणं झाल्यावर तक्ता पंगतीत फिरू द्या. तो परत येतो तेव्हा कोरे चौकोन भरलेले असतात, आणि चार ठिकाणी तुमचं छापलेलं खोडून वर दुसरं नाव लिहिलेलं असतं.