प्रतिक्रियेला उत्तर: प्रत्येक तार जवळच्याच वाटेने का नेत नाहीत?

नमस्कार. राउटिंगवरच्या, म्हणजे चिपवरच्या पिना जोडणाऱ्या तारांच्या वाटा ठरवण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की लीचा अल्गोरिदम सर्वांत जवळची वाट हमखास देतो, संगणकही आता वेगवान आहेत. मग तारा आधी एकमेकींवर चढू द्यायच्या, नंतर उचकटून पुन्हा टाकायच्या, हा उपद्व्याप कशाला? मी सोपी गोष्ट उगाच अवघड केली, हा आरोप मला मान्य नाही.

सी. वाय. ली यांची १९६१ची पद्धत सुंदरच आहे. एका पिनपासून लाट पसरवायची, ग्रिडच्या चौकटींना १, २, ३ असे आकडे देत जायचं, दुसरी पिन गाठली की आकडे उतरत मागे यायचं. वाट असेल तर सापडतेच, आणि तिच्याहून छोटी दुसरी नसते. पण ही हमी एकाच तारेची, तीही आधी पडलेल्या तारांना अडथळा मानून.

समजा, एकाच तारेपुरती फट आहे. 'क' तार फटीतून ४ चौकटींत पोचते, वळसा घेतला तर ६. 'ख' फटीतून ४, वळशाने १४. 'क' आधी टाकली तर बेरीज १८, 'ख' आधी टाकली तर १०. मग योग्य क्रम शोधू, असं तुम्ही म्हणाल. नुसत्या १० तारांचे क्रम ३६,२८,८०० होतात आणि चिपवर तारा लाखोंनी असतात. त्याहून वाईट म्हणजे काही मांडण्यांत कुठलाच क्रम चालत नाही: जी आधी जाईल ती आपल्या जवळच्या वाटेने दुसरीचा रस्ता पुरता बंद करते. तिथे पहिल्या तारेनेच मुद्दाम लांबून जायला हवं, आणि लीची पद्धत ते तिला कधीच सांगणार नाही.

मॅकमर्ची आणि एबलिंग यांनी १९९५ मध्ये एफपीजीएसाठी (आतल्या जोडण्या नंतर हव्या तशा ठरवता येणाऱ्या चिपसाठी) मांडलेला पाथफाइंडर हा अल्गोरिदम इथेच कामाला येतो. पहिल्या फेरीत 'क' आणि 'ख' दोघीही फटीत शिरतात. शॉर्ट होतो, होऊ द्यायचा. मग फटीची किंमत फेरीगणिक थोडी थोडी वाढवत दोघींना पुन्हा टाकायचं. फटीतून जाणं ६च्या वर गेलं की 'क' वळसा पत्करते. 'ख'ला मात्र १४पर्यंत फटच परवडते. जागा जिला जास्त गरज तिला मिळते, आणि क्रम कुणी ठरवलेला नसतो! गर्दीचा इतिहासही किमतीत धरलेला असतो, म्हणून तारा पुन्हा पुन्हा त्याच जागी घुसत नाहीत. मला ही कल्पना अतिशय आवडते. लेखात तिला एवढी जागा दिली ती त्यामुळेच.

आणि लीला यात कुणी डावललेलं नाही. प्रत्येक फेरीत तार शोधायची पद्धत तीच, लाट पसरवण्याची. फक्त चौकटी मोजण्याऐवजी किंमत मोजायची.

सर्वोत्तम मांडणीची हमी पाथफाइंडरही देत नाही, हे खरं. पण ती मागताना एवढं लक्षात घ्या: तीनचार नव्हे, कितीही पिना जोडणारी एकच तार घेतली, मधे अडथळा एकही नसला, तरी तिची आडव्या-उभ्या रेषांतली किमान लांबी काढणं एनपी-कम्प्लीट (पिना कितीही वाढल्या तरी झटपट अचूक उत्तर देणारी पद्धत कुणालाच माहीत नाही, अशा प्रकारचं) आहे. गॅरी आणि जॉन्सन यांनी ते १९७७ मध्येच सिद्ध केलंय.