एका वेळी एकच विषय, पण मास्तरही तेवढाच मोकळा हवा

आमच्या जुन्या कॉलेजमित्रांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हल्ली राजकारणापेक्षा नव्या शैक्षणिक धोरणावरून जास्त जुंपते. २०२४-२५ पासून ते महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांतही आलं आणि मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी अशी विषयगटांच्या, म्हणजे ‘टोपल्यां’च्या, नावांची आणि आद्याक्षरांची रांग घरोघरी पोचली. भाचीने एफवायबीएस्सीचं टाइमटेबल पाठवलं होतं. सकाळी केमिस्ट्री, मग कॉमर्सच्या इमारतीत जाऊन ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय, मग पर्यावरण, मधला एक तास ‘सर येणार नाहीत’, दुपारी फिजिक्सचं प्रॅक्टिकल. ग्रुपमधले अर्धे म्हणतात, ही विषयांची खिचडी झाली. उरलेले म्हणतात, अमेरिकेत असंच तर असतं, पोरं हवे ते विषय घेतात. मग मी अमेरिकेत राहतो म्हणून मला साक्षीला ओढतात.

साक्ष द्यायचीच तर मी राहतो त्या गावाची देतो. कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या कोलोरॅडो कॉलेजात विद्यार्थी एका वेळी एकच विषय शिकतो. साडेतीन आठवडे तोच विषय, बहुधा रोज सकाळी नऊ ते बारा. चौथ्या बुधवारी दुपारी तो संपतो, आणि सोमवारी नवा विषय सुरू. अशा तुकड्यांना इथे ‘ब्लॉक’ म्हणतात आणि वर्षात ते आठ होतात. १९७० साली राज्यशास्त्राचे प्राध्यापक ग्लेन ब्रूक्स यांच्या पुढाकाराने हे सुरू झालं. आयोवातल्या कॉर्नेल कॉलेजने १९७८ मध्ये हीच वाट धरली. (न्यूयॉर्क राज्यातलं प्रसिद्ध कॉर्नेल विद्यापीठ वेगळं. हे कॉलेज त्याच्याहूनही जुनं.)

ऐकणाऱ्याला वाटतं, सगळी गंमत विद्यार्थ्याची. पण खरी मेख मास्तरात आहे. त्या साडेतीन आठवड्यांत प्राध्यापकही तेवढा एकच वर्ग घेतो, आणि वर्गात साधारण पंचवीसच्या वर मुलं नसतात. भूगर्भशास्त्राच्या बाईंना वाटलं तर सोमवारी सगळा वर्ग गाडीत घालून त्या डोंगरात जातात आणि शुक्रवारी परत येतात. कुणाचं दुसरं लेक्चर बुडत नाही, कारण दुसरं लेक्चरच नसतं. कॉलेजची डोंगरांपलीकडे क्रेस्टोन गावाजवळ मुक्कामाची जागा आहे, तिथे आख्खा वर्ग राहून येतो. आणि शिकवतो तोच पेपर काढतो, तोच तपासतो.

आपल्याकडे शिकवणारा एक, विद्यापीठाचा पेपर काढणारा दुसरा आणि कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर, बसून तपासणारा तिसरा. या गाड्यात ब्लॉक बसवायचा कुठे?

ग्रुपमधली एक मैत्रीण दोन कॉलेजांत सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासिका तत्त्वावर. एका ठिकाणचं लेक्चर संपलं की स्कूटी काढून दुसरं कॉलेज गाठायचं, समोर शंभर-सव्वाशे मुलांची तुकडी, आणि सुट्टीचा पैसा नाही. विषयांच्या टोपल्या किती असाव्यात यावर आपण तावातावाने बोलतो, पण त्या टोपल्या वाहणाऱ्या माणसाचं कुणी बोलत नाही. माझ्या मते भाचीच्या टाइमटेबलातला तो ‘सर येणार नाहीत’वाला तास हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा तास आहे.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. तापाने दोन दिवस पडलात तर सेमिस्टरचे जवळजवळ दोन आठवडे गेले असं धरायचं. गणित मुरायला वेळ लागतो, तो इथे मिळत नाही. स्पॅनिश एका ब्लॉकमध्ये शिकून पुढचा भाग काही महिन्यांनी घेतला तर मधल्या काळात ती गंजते, म्हणून ब्लॉकच्या जोडीने भाषेचे छोटे वर्ग चालवावे लागतात. आणि फी! वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर, राहणं-जेवण वेगळं. कॅनडातल्या स्क्वॅमिशचं क्वेस्ट विद्यापीठ २००७ साली याच पद्धतीने सुरू झालं आणि २०२३ मध्ये पैशांअभावी त्याने शिकवणं थांबवलं.

तरी ही निव्वळ श्रीमंतांची चैन म्हणून मी सोडून देणार नाही. मोंटाना राज्यात डिलन नावाच्या छोट्या गावातलं सरकारी विद्यापीठ २००५ पासून असंच चालतं. मेलबर्नचं व्हिक्टोरिया विद्यापीठ तर मोठं, सार्वजनिक, कष्टकरी वस्त्यांतल्या मुलांचं. त्यांनी २०१८ मध्ये पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. एक विषय चार आठवडे, पण आठवड्यातून तीनच दिवस, तीन-तीन तास. उरलेल्या वेळात मुलं नोकरी करतात. पास होणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं विद्यापीठ सांगतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’च्या मुलखात खरं तर या मेलबर्नकडे बघायला हवं. आपली नजर मात्र फी जास्त तिकडे आधी जाते.

अख्खी पदवी ब्लॉकमध्ये घालणं संलग्न कॉलेजांना जमणार नाही. स्वायत्त कॉलेजं आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, त्यांना एखादा तुकडा जमेल. दोन क्रेडिटचा थिअरी कोर्स म्हणजे तीस तास. रोज तीन तास धरले तर दहा दिवसांत होतो. बॉटनीच्या मुलांना सप्टेंबरात, पठार फुललेलं असताना कासला न्या, तिथेच राहा, तिथेच शिकवा. आठवड्याला दोन-दोन तास करत पंधरा आठवडे तेच स्लाइडवर दाखवण्यात काय मिळतं?

हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा सीएचबीवाली मैत्रीण म्हणाली, मी उद्या तयार आहे. अटी दोन. त्या दहा दिवसांतली दुसऱ्या कॉलेजची माझी लेक्चरं कोण घेणार ते आधी ठरवा, आणि तीस तासांचं मानधन त्याच सेमिस्टरमध्ये खात्यात जमा करा.