'स्मिथ्स' ड्रमरने मोडला नाही

'हावरट ड्रमरमुळे एक थोर बँड कसा बुडाला' अशी लांबलचक पोस्ट सध्या फिरतेय. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण ही भाच्याने पाठवली, वर 'मामा, वाच, मी हेच म्हणत होतो' अशी पुस्ती जोडून. त्याच्या बँडमधल्या ड्रमरला शोच्या पैशांतून इतरांच्या निम्माच वाटा द्यायचा, असं बाकीच्या तिघांचं शिजतंय. त्यामुळे गप्प बसवत नाही.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या रॉक बँडमध्ये गायक मॉरिसी आणि गिटारिस्ट जॉनी मार एवढेच खरे कलावंत. बेस वाजवणारा अँडी रूर्क आणि ड्रमर माइक जॉइस हे पगारी वादक. या दोघांनी दहा-दहा टक्के आनंदाने कबूल केले होते, पैसा दिसल्यावर जॉइस फिरला, कोर्टात गेला आणि बँड फुटला. म्हणून शहाण्याने सगळ्यांना सारखा वाटा देऊ नये.

आधी तारखा बघा. बँड सुरू झाला १९८२ मध्ये आणि १९८७ च्या उन्हाळ्यात जॉनी बाहेर पडल्यावर संपला. दावा दाखल झाला १९८९ मध्ये, सुनावणी झाली डिसेंबर १९९६ मध्ये. दोन वर्षांपूर्वी संपलेला बँड या दाव्याने कसा फुटला, हे पोस्टवाल्यालाच ठाऊक. असो.

आता त्या 'आनंदाने कबूल केलेल्या' दहा टक्क्यांकडे येऊ, कारण सगळं विष तिथे आहे. रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीच्या करारावर सह्या होत्या फक्त मॉरिसी आणि मार यांच्या. रेकॉर्ड आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नातले चाळीस-चाळीस टक्के हे दोघे घेत, उरलेले दहा-दहा इतर दोघांना. चौघांनी बसून हे ठरवलं होतं, असा कागद कुठे आहे? कुठेच नाही. लंडनच्या कोर्टात बचाव हाच होता की तोंडी ठरलं होतं. न्यायमूर्ती वीक्स यांनी सगळ्यांच्या साक्षी ऐकल्या आणि असं काही ठरलंच नव्हतं असा निष्कर्ष काढला. जॉइस आणि रूर्क त्यांना सरळ, प्रामाणिक आणि पैशांच्या व्यवहारात कच्चे वाटले. मॉरिसीबद्दल त्यांनी जे म्हटलं ते तर गाजलंच: लबाड, आडमुठा आणि स्वतःच्या फायद्याचा प्रश्न आला की बेभरवशाचा.

काही ठरलेलं नसेल तर काय करायचं? ब्रिटनच्या १८९० च्या भागीदारी कायद्याचं कलम २४ सांगतं की वेगळा करार नसेल तर नफ्यात सगळे भागीदार समान. चौघे भागीदार, म्हणून जॉइसला पाव हिस्सा. मागची थकबाकी साधारण दहा लाख पौंडांच्या घरात गेली. मॉरिसी अपिलात गेला. हिशेबाचे कागद जॉइसला मिळाले होते आणि त्याने हरकत घेतली नव्हती, म्हणजे त्याला मान्यच होतं, असा एक मुद्दा तिथे लढवला गेला. १९९८ मध्ये तोही फेटाळला गेला. समोर ठेवलेल्या कागदावर पोरगा काही बोलला नाही, याला करार म्हणत नाहीत. पोस्टमध्ये या निकालाचा अवाक्षरानेही उल्लेख नाही.

आणि रूर्क? त्याला पोस्टने जॉइसच्या 'टोळीत' घातलंय. प्रत्यक्षात तो कर्जात बुडाला होता म्हणून त्याने आधीच ८३ हजार पौंड आणि पुढचे दहा टक्के यावर तडजोड केली. थांबण्याची ऐपत होती त्याला पाव मिळाला, नव्हती त्याला दहा. या गोष्टीत खरंच कोणाची कीव यायची असेल तर ती रूर्कची. जॉनीशी त्याची मैत्री मात्र टिकली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो जॉनीच्या कार्यक्रमात येऊन वाजवून गेला. हा म्हणे गद्दार!

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. गाणी त्या दोघांचीच होती, शब्द मॉरिसीचे आणि चाली जॉनीच्या. पण त्याचे पैसे, म्हणजे गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी, त्या दोघांनाच मिळत होती आणि निकालानंतरही मिळत राहिली. तिच्यावर जॉइसने हक्क सांगितलाच नव्हता. वाद होता तो चौघांनी मिळून वाजवलेल्या रेकॉर्ड्स आणि कार्यक्रमांच्या नफ्याचा. पोस्टने दोन्ही गोष्टींची खिचडी केलीय.

मग बँड फुटला कशाने? मॅनेजर टिकत नव्हता, त्यामुळे व्यवहाराची कटकट तेवीस वर्षांच्या जॉनीच्या गळ्यात. रफ ट्रेडशी भांडण इतकं विकोपाला गेलं होतं की तयार झालेला तिसरा अल्बम सहाएक महिने अडकून पडला. त्यात दौऱ्यांचा थकवा आणि दारू. शेवटी शेवटी सिला ब्लॅक या पॉप गायिकेचं एक जुनं गाणं ध्वनिमुद्रित करायला लावल्यावर तर जॉनीचं डोकंच फिरलं. मग एनएमई या संगीत साप्ताहिकात बँड फुटणार अशी बातमी आली, ती मॉरिसीच्या गोटातूनच पेरली गेली असा जॉनीचा समज झाला आणि तो निघाला. या सगळ्यात ड्रमर कुठे दिसला?

मॉरिसीने रूर्कला गाडीच्या काचेवर चिठ्ठी अडकवून काढून टाकलं, हा किस्साही पोस्टमध्ये आहेच. मॉरिसी तो नाकारतो. रूर्कला १९८६ मध्ये हेरॉइनपायी काढलं होतं हे खरं, पण काही आठवड्यांतच परतही घेतलं.

आता भाच्यासाठी. आपल्याकडे १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा आहे, त्याचं कलम १३ काढून वाच. नफ्याबद्दल तिथेही तेच लिहिलंय: वेगळा करार नसेल तर सारखे वाटे. भागीदारी व्हायला स्टॅम्पपेपर लागत नाही, तोंडीही होते. तुम्ही चौघे मिळून शो घेता, खर्च वजा करता आणि उरलेलं वाटून घेता, म्हणजे उद्या तुमच्यावरही हेच यायला वेळ लागणार नाही. गाणी तू लिहितोस ना? मग त्यांची रॉयल्टी तुझी, हे वेगळं लिहून घे. शोच्या पैशांत ड्रमरला कमी द्यायचं असेल तर ते त्याच्या तोंडावर सांग आणि त्याची सही घे. तो सही करतो का, तेही मग कळेल.