फ्यूज कमजोर नसतो, हवा अडलेली असते

‘ड्रायर गरम होत नाही? मेकॅनिकला हजार रुपये कशाला? ५ मिनिटांत घरीच करा!’ असा कपडे वाळवायच्या ड्रायरबद्दलचा सहा कलमी फॉरवर्ड पावसाळा लागल्यापासून मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो मावशीकडून आला आणि खाली प्रश्न होता: ‘यातलं पहिलं करून बघू का? स्क्रू ड्रायव्हर आहे घरात.’ मावशी, स्क्रू ड्रायव्हर जागेवर ठेव आणि आधी ड्रायरचा प्लग काढ. बाकीच्यांसाठी खाली सविस्तर.

ते पहिलं कलम असं आहे: ‘मागचा पत्रा उघडा. हीटरजवळ छोटा पांढरा फ्यूज दिसेल. कंपनी तो मुद्दाम कमजोर देते. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडा किंवा चांदीचा कागद गुंडाळा. ड्रायर पुन्हा नवा!’

वायरी जोडल्यावर ड्रायर गरम होतो, हे खरं आहे. गोची तिथेच आहे. कारण तो गरम झाला की माणसाला वाटतं, काम झालं.

ड्रायरमधलं खरं काम हवेचं असतं. पंखा खोलीतली हवा हीटरवरून ओढतो. ती गरम हवा ड्रममधल्या ओल्या कपड्यांतून जाते, मग लिंटच्या, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक कापसाच्या, जाळीतून आणि शेवटी पाइपातून बाहेर. हीटरची कॉइल २००० किंवा २५०० वॉटची असते. तिच्यावरून हवा वाहत असते तोवर तिची उष्णता पुढे जात राहते. हवा अडली तरी कॉइल तेवढेच वॉट ओतत राहते, फक्त उष्णतेला बाहेरची वाट उरत नाही. मग हीटरचा डबा तापतो. अशा वेळी आधी नेहमीचा थर्मोस्टॅट हीटर बंद-चालू करून सांभाळून घेतो. त्याला जमलं नाही तर जास्त तापमानाचा कट-आउट सुटतो. त्यानेही भागलं नाही तर शेवटी थर्मल फ्यूज, म्हणजे फॉरवर्डमधला तो पांढरा फ्यूज, उडतो, आणि तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. गिझरचा कट-आउट वायर जोडून कायमचा बंद करायचा सल्ला कोणी दिला, तर आपण त्या माणसाकडे कसं बघू? इथे प्रकार तोच आहे.

आणि त्या डब्याच्या आसपास असतं काय? जाळीवरून निघणारा मऊ करडा थर एकदा चिमटीत धरून बघा. निरांजनाच्या फुलवाती ज्याच्या वळतो तोच कापूस, आणखी बारीक आणि खडखडीत वाळलेला. जाळीतून निसटलेला हा कापूस ड्रमच्या खाली, पंख्याच्या घरात आणि हीटरच्या तोंडाशी साठत जातो. फ्यूज काढून टाकल्यावर त्याच्या आणि लाल झालेल्या कॉइलच्या मधला शेवटचा पहारेकरी उरत नाही.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१२ मध्ये, २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडून एक अहवाल काढला. तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी, ५ मृत्यू, १०० जखमी. सर्वांत मोठं कारण, ३४ टक्के, मशीन साफ न ठेवणं. तिकडे ड्रायर घरोघरी आहेत म्हणून आकडा मोठा, हे मान्य. पण कापूस आणि कॉइल इथेही तीच आहे.

मग ड्रम फिरतोय पण गरम होत नाही, तर करायचं काय? आधी बघा, प्रोग्रॅम चुकून थंड हवेवर तर नाही ना. मग प्लग काढून मशीन अर्धा तास थंड होऊ द्या. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे विजेचा रोध मोजण्यावर, ठेवा, फ्यूजची एक वायर सोडवा आणि दोन्ही टोकांना मीटरच्या पिना लावा. आकडा शून्याच्या जवळ आला तर फ्यूज ठीक. मीटरने काहीच दाखवलं नाही तर उडाला. हीटरही असाच एक वायर सोडवून मोजा: २००० वॉटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते, २५०० वॉटची २१. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलेली. कॉइलचं टोक आणि मशीनचा पत्रा यांच्यात मात्र आकडा येताच कामा नये. आला तर कॉइल अंगाला टेकलीय, मशीन लावू नका. काही मॉडेलमध्ये फ्यूज मोटरच्या लाइनवर असतो. तिथे तो उडाला की ड्रम फिरतच नाही आणि लोक उगाच मोटर बदलून घेतात.

नवा फ्यूज घेताना अंगावर छापलेलं तापमान आणि अँपिअर दोन्ही जुळले पाहिजेत. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात ‘यहीच लगेगा’ म्हणून हातात दिला तो नाही. आणि तो बसवण्याआधी जाळी, पंख्याचं घर आणि पाइप साफ करा, नाहीतर नवाही चार धुण्यांत उडेल आणि फॉरवर्डवाला म्हणेल, बघा, कमजोरच देतात. मीटर हाताळायची सवय नसेल तर मेकॅनिकला बोलवा. ते हजार रुपये त्याचेच आहेत. हीट पंपवाला ड्रायर असेल तर फ्यूज आणि कॉइलची वरची तपासणी लागू नाही. तिथे हवा कॉम्प्रेसरवर गरम होते, आत फ्रिजसारखा गॅस असतो, तो घरी उघडायचा नाही.

दुसरं कलम, ‘मागचं लाल बटण दाबत राहा’. यात अर्धं तथ्य आहे. काही मॉडेलच्या कट-आउटला रीसेटचं बटण असतं. मशीन पूर्ण थंड झाल्यावर ते एकदा दाबायचं. पुन्हा सुटलं तर हवा कुठेतरी अडलीय. ‘दाबत राहा’ मात्र नाही.

तिसऱ्यात म्हटलंय की पाइप काढून टाका, पावसाळ्यात खोली उबदार राहते. पाच किलो सुती कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी अडीच-तीन लिटर पाणी धरून असतात. पाइप काढला की ते सगळं तुमच्या खोलीत. वर ड्रायर तीच दमट हवा परत ओढतो, म्हणजे वेळ दुप्पट आणि कपाटामागे बुरशी. ज्याला पाइपच नसतो तो कंडेन्सर ड्रायर. त्यात पाणी टाकीत जमतं आणि टाकी प्रत्येक वेळी रिकामी करायची असते. फॉरवर्डवाल्याने बहुधा दोन्ही मशीनं एकच धरलीत.

पाइपाचंच निघालंय तर सांगतो. चार इंची, ॲल्युमिनियमचा, शक्य तितका आखूड. आपल्याकडे तो स्लायडिंग खिडकीतून काढतात आणि तोंडाला हौसेने डासांची जाळी लावतात. ती जाळी काही धुण्यांतच लिंटने लिंपली जाते, बाहेरून बघितलं तर राखाडी नमदा चिकटल्यासारखी. काढा ती. कबुतरांसाठी मोठ्या भोकांची जाळी चालेल, पण पाइपापासून चांगली लांब. मध्येच झोळ पडलेल्या पाइपात वाफेचं पाणी साचतं आणि त्याला लिंट चिकटून चिखल होतो, म्हणून पाइप बाहेरच्या बाजूला जरा उतरता ठेवा. मशीन चालू असताना बाहेरच्या तोंडाशी हात धरा. झोत जोरात लागला पाहिजे. नुसती कोमट वाफ रेंगाळत असेल तर फ्यूजला दोष देऊ नका.

चौथं कलम ड्रायरमधल्या लिंटच्या जाळीचं: ‘जाळी महिन्यातून एकदा साफ करा.’ नाही. दर धुण्याला. सॉफ्टनर वापरत असाल तर जाळीवर न दिसणारा मेणचट थर बसतो. नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता थांबलं तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश. पूर्ण वाळवूनच परत बसवा.

पाचवं कलम मल्टिप्लगचं, म्हणे ड्रायर त्यावर लावला तरी चालतो. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. टीव्हीमागचं साधं सॉकेट ६ अँपिअरचं. बाल्कनीत मशीन ठेवून हॉलमधून एक्स्टेंशन आणलेल्या घरांत प्लगची पिन तपकिरी झालेली दिसते ती यामुळेच. जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग. जुन्या इमारतींत पॉइंटला अर्थची वायर खरंच आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.

राहिलं सहावं: ‘ओल्या कपड्यांत एक कोरडा टॉवेल टाका, लवकर वाळतात.’ नाइलाजाने मान्य. चार-पाच कपडे असतील तर टॉवेल पाणी शोषतो. पंधरा-वीस मिनिटांनी तो काढून घ्यायचा. ड्रम भरलेला असेल तर उलट जागा अडते. त्यापेक्षा सुती कपडे ८०० ऐवजी १२०० फेऱ्यांवर पिळा. एक लिटर पाण्याची नुसती वाफ करायलाच ०.६ युनिटपेक्षा जास्त वीज लागते. तेच पाणी पिळून काढायला तिच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी.

पण पुढे कंसात लिहिलंय, ‘बाळाच्या मालिशचा जुना टॉवेल असला तरी चालेल’. हे कोणाला सुचलं? तीळ, मोहरी, बदाम ही तेलं धुण्यात पूर्ण जात नाहीत. गरम सुती कापडात उरलेलं तेल हवेशी संयोग पावून स्वतःच तापत राहतं, आणि तसे कपडे घडी करून किंवा ढिगात टाकले की उष्णता आतच कोंडते. मशीन बंद झाल्यावर, घर झोपल्यावर धुमसायला लागतं. म्हणूनच शेवटची दहा मिनिटं थंड हवा फिरते, ती मध्येच तोडायची नसते. मालिशचे टॉवेल ड्रायरमध्ये नाहीतच. ते दोरीवर, पंख्याखाली, दोन दिवस लागले तरी.