टाकवत नसेल तर लावू नका: सेलूच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

कॉन्टॅक्ट लेन्सवरच्या माझ्या लेखाला तुमची आलेली प्रतिक्रिया काल रात्री शटर ओढता ओढता वाचली आणि घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत गेलो. सकाळी चहासोबत पुन्हा वाचली, तेव्हा कळलं की तुमच्या चार मुद्द्यांपैकी दीड मुद्दा बरोबर आहे. तो दीड आधी मान्य करतो, मग भांडतो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात मी डेली डिस्पोजेबल, म्हणजे सकाळी लावायच्या आणि रात्री काढून फेकायच्या लेन्सवर लिहिलं होतं. सर सेलूचे, निवृत्त शिक्षक. त्यांची नात लातूरला नीटच्या क्लासला आहे आणि तो लेख वाचून ती लेन्सचा हट्ट धरून बसली. सर लिहितात: ‘तुम्ही चष्म्याचे दुकानदार, म्हणून गुण गाता. जिथं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी सुटतं तिथं रोज नवी लेन्स फेकणं ही चैन झाली. एवढी महाग वस्तू दोन-तीन दिवस वापरली तर काय बिघडतं? चष्म्याचा नंबर हातात असताना वेगळी तपासणी कशाला, मोबाईलवरून मागवता येते. आणि धूळ, ऊन, टँकरचं पाणी याबद्दल तुमच्या लेखात एक अक्षर नाही. लातुरात बसून पुण्यासाठी लिहिता.’

शेवटचं वाक्य लागलं, कारण ते खरं आहे. पाण्याबद्दल मी ‘हात स्वच्छ धुवा’ एवढं लिहून पुढे गेलो होतो. लातूरच्या माणसाने तरी असं करायला नको होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. तो उन्हाळा मी दुकानात काढलाय. घरात दोन टिपाडं, गच्चीवर सिंटेक्सची टाकी, आणि टँकर आला की गल्लीभर धावपळ. त्याच दिवसांत होस्टेलवरची एक मुलगी आली, डोळा लालभडक, दिव्याकडे बघवत नव्हतं. लेन्स महिनाभर चालणारी. लेन्स धुऊन ठेवायचं सोल्युशन संपलं होतं, म्हणून लेन्सची डबी टिपाडातल्या पाण्याने विसळून त्यातच रात्रभर लेन्स ठेवली होती. मी हातही न लावता तिला डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळा वाचला, पण तिचे सहा आठवडे गेले, आणि ते नीटच्या आधीचे होते.

साठवलेल्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. नळात, विहिरीत, बोअरच्या पाण्यात, मातीतही. पाण्यात नेहमीएवढं क्लोरीन टाकून तो मरतोच असं नाही. अंगाभोवती कवच करून पडून राहतो. बुबुळावर आधीच ओरखडा असेल आणि तिथे तो शिरला, तर वेदना भयंकर आणि उपचार महिनोन्महिने. आपल्या देशात तर लेन्स कधी न लावलेल्या माणसांनाही तो गाठतो. डोळ्यात गढूळ पाणी किंवा चिखल उडाल्याचं निमित्त पुरतं. लेन्स असली की त्याला बसायला घोंगडीच मिळते.

घोंगडी उगीच म्हणत नाही. मऊ लेन्सचं प्लास्टिक पाणी पितं. १९६१ च्या नाताळात चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विख्टर्ले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने घरच्या टेबलावर, पोराच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून, अशा लेन्स ओतायचं यंत्र बनवलं होतं. (चैनीच्या वस्तूचा जन्म असा स्वयंपाकघरात झाला, सर.) काही लेन्समध्ये तर वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणीच असतं. म्हणून ती डोळ्यात रुतत नाही, आणि म्हणूनच समोर येईल ते शोषते: टिपाडातलं पाणी, मिरचीचा तिखटपणा, परफ्युम, फवारणीचं औषध.

तेव्हा पाण्याचा नियम मी तेव्हाच ठळक लिहायला हवा होता. लेन्सला पाणी लावायचं नाही. नळाचं नाही, जारचं नाही, उकळून गार केलेलंही नाही. हात मात्र साबणाने धुवायचे. एक तांब्या पाणी पुरतं, तेवढं आपल्याकडे दुष्काळातही निघतं. त्यानंतरची पायरी लोक विसरतात: हात कोरडे करायचे. बोटाच्या टोकाला राहिलेला थेंब म्हणजे पुन्हा टिपाडच. घरातल्या सगळ्यांनी तोंड पुसलेला टॉवेल नको. धागे न सुटणारा, धुतलेला, स्वतःचा रुमाल हवा. लेन्स लावून डोक्यावरून अंघोळ नाही, आणि उन्हाळ्यात मामाच्या गावी विहिरीत सूर मारणं तर नाहीच नाही.

आता तुमचा अर्धा मुद्दा. ‘गुण गाता’ म्हणालात. त्या लेखात मी या लेन्सना ‘निर्धोक’ म्हटलं होतं. तो शब्द चुकला. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका मोठ्या पाहणीत (२००८ साली प्रसिद्ध झालेल्या) रोज फेकायच्या लेन्स वापरणाऱ्या दर १०,००० माणसांमागे वर्षाला सुमारे २ जणांना बुबुळाचा जंतुसंसर्ग झाला. दिवसा लावून रात्री धुऊन ठेवायच्या मऊ लेन्सचा आकडाही जवळपास तेवढाच. फरक आहे तो त्रास किती वाढतो यात. रोज फेकायच्या लेन्सवाल्यांचा आजार सहसा कमी गंभीर निघतो. आणि त्याच पाहणीत लेन्स लावून झोपणाऱ्यांचा आकडा १०,००० मागे १९ ते २५ होता. म्हणजे कोणती लेन्स घेतली यापेक्षा ती घालून डोळा मिटला का, हा प्रश्न मोठा.

इथून पुढे भांडण.

‘दोन-तीन दिवस वापरली तर काय बिघडतं’ हे वाक्य माझ्या काउंटरवर रोज ऐकू येतं, आणि मला त्याचा राग येत नाही. आपण दहा दिवसांचं पाणी पुरवून वापरणारी माणसं. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, अंघोळीचं संडासाला. चांगली दिसणारी वस्तू एकदा वापरून फेकताना आपला जीव तुटतो. तो चांगला गुण आहे, पण नेमका इथे घात करतो. या लेन्सच्या डब्यावर एक खूण असते, वर्तुळात २ चा आकडा आणि त्यावर काट: दुसऱ्यांदा नाही. ती पातळ असते, चोळून धुण्यासाठी बनवलेलीच नसते. ज्या इवल्या कप्प्यातून ती निघते त्यातलं पाणी म्हणजे साधं सलाईन, जंतू मारणारं औषध नव्हे. एकदा कप्पा उघडला, डोळ्यातली लेन्स परत त्यात ठेवली, की रात्रभर जंतूंचं बिऱ्हाड.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ऑप्टोमेट्रीच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा एका मित्राने त्याच्याजवळच्या दोन जोड्या दिल्या. मीही मराठवाड्याचाच. एक जोडी चार दिवस पुरवली, रात्री त्याच कप्प्यात, वर तिचाच फॉइलचा तुकडा दुमडून. पाचव्या दिवशी सकाळी डावा डोळा उघडेना. ओपीडीत आमच्या प्राध्यापकांनी बघितलं, काही बोलले नाहीत, वर्गातल्या सगळ्यांना बोलावून रांगेने माझ्या बुबुळावरचा पांढरा ठिपका दाखवला. मग दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा, गजर लावून. डाग अजून आहे. आरशात दिसत नाही, मशीनखाली दिसतो. गिऱ्हाईक फार वाद घालायला लागलं की मी त्याला माझ्याच खुर्चीत माझाच डोळा दाखवतो.

म्हणून चैनीचा हिशेब मी उलटा मांडतो. नातीला लेन्स रोज लागतात का? तीस लेन्सचा डबा दोन्ही डोळ्यांना पंधरा दिवस पुरतो, हे खरं. पण एरवी चष्मा आणि फक्त रविवारी किंवा लग्नाकार्यात लेन्स, असं ठेवलं तर तोच डबा साडेतीन महिने जातो. महिन्याची लेन्स एकदा उघडली की लावा नाहीतर लावू नका, महिन्याने ती संपलीच. वर सोल्युशनची बाटली, तीही उघडल्यावर बहुतेक तीन महिन्यांत टाकायची, आणि डबी बदलायची. कधीमधी लावणाऱ्यासाठी रोज फेकायचीच स्वस्त पडते. आणि जिथे डबी विसळायला भरवशाचं पाणी नाही तिथे डबीच नसणं हा मोठा फायदा. तुम्ही ज्या पाण्यावरून मला बोललात, त्याच पाण्यामुळे मी आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची लेन्स देताना दहादा विचार करतो. हो, लेन्स विकून मला पैसे मिळतात. चष्मा विकून जास्त मिळतात.

मोबाईलवरून मागवण्याचं. चष्म्याचा नंबर तो लेन्सचा नंबर, हा समज इतका पक्का आहे की मी भिंतीवर पाटी लावायच्या विचारात आहे. चष्मा डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर लांब असतो, लेन्स थेट बुबुळावर. नंबर चारच्या पुढे गेला की या अंतराने हिशेब बदलतो. चष्म्याला उणे ६ असेल तर लेन्स साधारण उणे ५.५० ची लागते. नंबरात सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईचा आकडा) असेल तर त्यासाठीची टोरिक लेन्स, आणि ती डोळ्यात फिरत तर नाही ना हे बघावं लागतं. शिवाय डब्यावर बीसी म्हणून ८.५, ८.६ असे आकडे असतात, म्हणजे लेन्सची गोलाई. ते चष्म्याच्या चिठ्ठीवर नसतातच. घट्ट बसली तर बोटात रुतलेल्या अंगठीसारखी. पहिला तासभर छान वाटतं, संध्याकाळी डोळा लाल. बुबुळात रक्तवाहिन्या नाहीत, त्याला प्राणवायू हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो, त्यामुळे लेन्स पापणीसरशी थोडी हलायलाच हवी. ते बघायला ट्रायल लेन्स लावून पंधरा-वीस मिनिटं बसवतात आणि मशीनखाली तपासतात. डोळे कोरडे आहेत का, पापणीच्या आत ॲलर्जीचे दाणे आहेत का, हेही तेव्हाच कळतं. उन्हाळ्यात डोळे चोळचोळून लाल करणारी लेकरं आपल्याकडे खूप. त्यांना मी लेन्सला सरळ नाही म्हणतो. ही तपासणी माझ्याकडेच करा असं नाही. सेलू-परभणीत जिथे सोयीचं तिथे करा, पण करा.

धूळ. यावर तुम्ही रागावलात ते योग्यच. सोयाबीनची मळणी, तुरीची रास, कापूस वेचणी, फवारणी, एसटीच्या खिडकीतली जागा: इथे चष्मा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात चुलीच्या धुरात बसायचं असेल तरी चष्मा. पिकाचं पान किंवा कुसळ डोळ्यात गेलं की बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो जंतूंच्या संसर्गापेक्षा चिवट. ठेचा कुटलेल्या हाताला साबण लावूनही तिखट राहतं; मिरचीला हात लावायच्या आधी लेन्स लावा, आणि लेन्स काढायची असेल त्याआधी मिरची दुसऱ्या कोणाला तरी निवडू द्या. रंगपंचमीला लेन्स नकोच. काजळ लेन्स लावल्यानंतर, आणि पापणीच्या आतल्या कडेला नाही. उन्हात उभ्या गाडीत डबा ठेवायचा नाही. एवढं करूनही आपल्या मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, कूलरच्या झोतासमोर बसून दहा तास अभ्यास करणाऱ्या मुलीचे डोळे कोरडे पडणारच. पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये डोकं घातलं की पापणी लवणं कमी होतं.

मधेच एक, कारण तुमच्या घरी आजी असतील आणि त्या विचारतील: लेन्स डोळ्याच्या मागे जात नाही. पापणीच्या आतली त्वचा वळून डोळ्यालाच चिकटलेली असते, मागे वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली घडी होऊन बसते.

आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं, यातलं एकही झालं की लेन्स काढायची आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. काढलेली लेन्स फेकू नका, डॉक्टरांना तपासायला लागू शकते. मेडिकलवर जाऊन ‘डोळे आलेत, थेंब द्या’ म्हणायचं नाही. त्या थेंबांत स्टेरॉईड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी किंवा अमीबा खुशाल वाढतो. लेन्सवाल्यांना गाठणारे काही जंतू असे आहेत की दोन-तीन दिवसांत बुबुळाला भोक पाडतात, त्यामुळे ‘रविवारनंतर बघू’ नाही.

नातीबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. होस्टेलवरच्या लेकरांची खरी अडचण पाणी नाही, झोप आहे. रात्री साडेबाराला फिजिक्सच्या पुस्तकावर डोकं टेकतं आणि लेन्स डोळ्यातच राहते. तिला एवढंच विचारा: पुस्तकावर झोप लागली आणि दोन वाजता जाग आली, तर उठून, हात धुऊन, कोरडे करून लेन्स काढशील का, आणि काढलेली जोडी उद्यासाठी न ठेवता टाकवेल का? तिने लगेच ‘हो’ म्हटलं तरी आठ दिवस थांबा आणि पुन्हा विचारा. ‘बघू’ म्हणाली तर परीक्षेपर्यंत चष्माच. निकालानंतर तिला हव्या असतील तर घेऊन या. माझा डावा डोळा दाखवून मगच ट्रायल लेन्सला हात लावीन.

मूळ लेखातला ‘निर्धोक’ हा शब्द आज सकाळी काढला, आणि पाण्याचा परिच्छेद सगळ्यात वर टाकला आहे.