धडधडीच्या गोळ्या बंद करायला सांगणारा तो मेसेज

गेल्या आठवड्यात मामेबहिणीला भेटायला गेले. सातवा महिना चालू आहे, बाळंतपणासाठी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडे माहेरी आली आहे. उशीजवळ गोळ्यांचं पाकीट दिसलं, चार दिवसांच्या गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाली, "आक्का, बाळाला बाधतात म्हणं त्या. आईनं मेसेज दाखवला."

तिला एसव्हीटी आहे, म्हणजे हृदयाचे ठोके मधूनच भरधाव सुटण्याचा आजार. बसल्या जागी ठोके एकदम 180-200 वर जातात आणि तसेच एकदम खाली येतात. त्यासाठी डॉक्टरांनी विचार करून गोळी चालू ठेवली होती, ती एका मेसेजवर बंद झाली. तो मलाही आला होता, आधी कन्नडमध्ये, मग मंडळाच्या ग्रुपवर मराठीत. मी न वाचताच पुसून टाकला, याचं आता वाईट वाटतं. म्हणून आज सगळा वाचून उत्तर लिहिते आहे. बेळगावात मी ईसीजी काढायचं काम करते, अशा पट्ट्या रोज हातात असतात.

मेसेजमध्ये म्हटलंय ते असं: गरोदरपणातली धडधड म्हणजे बाळाचे ठोके आईच्या छातीत चढणं, त्यासाठी दवाखान्यात जायला नको. हृदयाच्या सगळ्या गोळ्या बाळाला विष, आजच बंद करा. अशा धडधडीचा झटका आला तर दोन्ही डोळे जोरात दाबा. दवाखान्यात गेलात तर शॉक देतात आणि बाळ दगावतं. अशा बाईचं सिझेरियनच होतं, आणि तिनं बाळाला अंगावर पाजू नये.

बाळाचे ठोके छातीत चढत नाहीत. चढायला वाटच नाही. वारेतसुद्धा (प्लॅसेंटात) आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असतात. बहिणीचे झटक्यात 190 होते, तेव्हा बाळाचे तिच्याहून कमीच असणार. एसव्हीटीत दोष आईच्या हृदयातल्या वीजवाटेत असतो. तिथं बहुतेकदा एखादी जादा वाट असते आणि करंट तिच्यावरून गोल गोल फिरत राहतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. गरोदरपणात धडधड होतेच, आणि बहुतेक जणींची साधीच असते. अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, ठोके मिनिटाला 10 ते 20 नं वाढतात. रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं तरी छाती धडधडते. पण ही धडधड हळूहळू चढते आणि जरा टेकलं की हळूहळू उतरते. एसव्हीटी दिव्याचं बटण दाबावं तशी चालू होते आणि तशीच बंद होते. शिवाय लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप आकसलेल्या बायका आपल्याकडे अजून आहेत, आणि कित्येकींना ते गरोदरपणातच कळतं. त्यांचे ठोके असे वाढले तर फुप्फुसात पाणी भरतं. त्यांनाही हा मेसेज 'जाऊ नका' म्हणतो.

आता गोळ्या. माझा सगळा राग इथं आहे.

'सगळ्या गोळ्या विष' हे लिहिणाऱ्यानं एकाही गोळीचं नाव लिहिलेलं नाही. अमिओडॅरॉनमध्ये आयोडीन असतं, ते बाळाचं थायरॉइड बिघडवू शकतं, म्हणून ते गरोदरपणात टाळतात. अटेनोलॉलनं बाळाची वाढ खुंटू शकते, तेही टाळतात. पहिल्या तीन महिन्यांत तर शक्यतो कुठलीच गोळी द्यायची नाही असं डॉक्टरच बघतात. एवढं खरं. पण यातून 'सगळ्या बंद करा' कुठून निघालं? युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गरोदर बायकांसाठी वेगळा भाग आहे. पहिल्या तीन महिन्यांनंतर एसव्हीटी वारंवार येत असेल तर अटेनोलॉल सोडून मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर (ठोके संथ करणारी गोळी), नाहीतर व्हेरापामिल, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. झटका नसतानाच्या ईसीजीतही ती जन्मजात जादा वाट दिसली तर औषध वेगळं. म्हणजे कुठली गोळी हे त्या बाईचा ईसीजी बघून ठरतं.

बहिणीची गोळी मेटोप्रोलॉलच होती. त्यावर बाळाची वाढ सोनोग्राफीत बघत राहावी लागते, जन्मल्यावर बाळाची साखर आणि ठोके बघावे लागतात, हेही खरं. ती तपासणी ठरलेली होती. पण बीटा ब्लॉकर एकदम सोडली की ठोके उसळी मारतात. आणि आईचे ठोके तासभर 200 वर राहिले तर तिचं बीपी उतरतं, वारेकडे रक्त कमी जातं. बाळाला त्रास त्यानं होतो.

तिलाही चौथ्या दिवशी संध्याकाळी झटका आलाच. मामी सांगत होती, "डोळं दाबलं की थांबतंय म्हणून लिवलंय की गं, म्हणून मी दाबलं." झटका दहा मिनिटांनी आपोआप थांबला, पण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हाही तिचा एक डोळा लाल होता. डोळे दाबायची ही पद्धत फार जुनी. डोळ्याला इजा होते म्हणून डॉक्टरांनी ती कधीच सोडली. झटका थांबवायला गळ्याची शीरही घरी चोळायची नाही. घरी करता येतं ते एवढंच: अर्धवट बसून, तोंड-नाक बंद धरून 15 सेकंद जोर करायचा, रिकाम्या सिरिंजमध्ये फुंकून दट्ट्या सरकवल्यासारखा. तेही आधी डॉक्टरांकडून शिकून. शेवटच्या महिन्यांत उताणं पडून राहायचं नाही, डाव्या कुशीवर व्हायचं.

शॉकबद्दल: तो सगळ्यांना देत नाहीत. आधी ॲडिनोसिनचं इंजेक्शन देतात. क्षणभर छाती आवळल्यासारखी होते, बाई घाबरते, पण औषध रक्तात काही सेकंदांत विरतं, बाळापर्यंत जायला उरतच नाही. बीपी कोसळलं असेल तर मात्र लगेच शॉक देतात. तो गरोदरपणात कधीही देता येतो, कारण बाळापर्यंत करंट फार थोडा पोचतो. बाळाचे ठोके बघत राहतात. अशा वेळी शॉक न देणं हाच बाळाला धोका.

सिझेरियन एसव्हीटीमुळे लागत नाही. मेटोप्रोलॉलवर अंगावर पाजता येतं.

झटका थांबत नसेल, छातीत दुखत असेल, धाप लागली, घेरी आली तर 108 ला फोन करा. पावसात आमच्या खानापूरच्या आतल्या वाड्यांवरून बेळगाव गाठायला किती वेळ जातो ते मी सांगायला नको, म्हणून वाट बघत बसू नका. झटका चालू असताना जवळच्या दवाखान्यात पोचलात तर आधी ईसीजी काढून घ्या. थांबल्यावर काढलेल्या पट्टीत बऱ्याचदा काहीच दिसत नाही.

या मेसेजनं कुणी गोळी सोडली असेल तर चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका. ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना आजच फोन करा. आम्ही त्याच दुपारी केला, रात्रीपासून बहिणीची गोळी पुन्हा चालू झाली. 190 ठोक्यांची तिची जुनी पट्टी आता तायी कार्डाच्या (गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड) प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवली आहे, रात्री-अपरात्री कुठल्याही दवाखान्यात आधी तीच दाखवायची म्हणून. मामीनं मेसेज जिथं जिथं पाठवला होता, तिथं आज हे पाठवते आहे.